प्रामाणिक माणूस तिजोरीत हात घालायचं कधी ठरवतो?

नीराकाठ

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका पतसंस्थेचे व्यवस्थापक अफरातफरीच्या गुन्ह्यात अटकेत आहेत. तपास चालू असल्यामुळे संस्थेचं आणि त्यांचं नाव लिहीत नाही, कुणी ओळखलं तरी कृपया इथे लिहू नये. धागा त्यांच्याबद्दल नाही. त्या निमित्ताने डोक्यात घोळणारा प्रश्न मांडायचा आहे.

गावात सध्या दोन मतं ऐकू येतात. एक, "हाव सुटली." दुसरं, "मुळातच तसा होता, आपल्याला ओळखता आला नाही." मला दोन्ही अपुरी वाटतात. हाव सगळ्यांनाच असते, तरी बहुतेक माणसं हातातली दुसऱ्याची रोकड संध्याकाळी मोजून तिजोरीत ठेवतात आणि घरी जातात. आणि "मुळातच तसा" म्हणावं, तर ज्या माणसाने वर्षानुवर्षं पै न् पै चोख ठेवली, त्याचं मूळ इतकी वर्षं कुठे होतं?

डोनाल्ड क्रेसी नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने नेमक्या याच प्रश्नावर काम केलं. तुरुंगांत जाऊन त्यांनी अफरातफर केलेल्या लोकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातही त्यांनी फक्त अशीच माणसं निवडली, ज्यांनी विश्वासाची जागा स्वीकारताना मनात काही काळंबेरं ठेवलेलं नव्हतं. त्यांचं पुस्तक १९५३ साली आलं. निष्कर्ष थोडक्यात असा : माणसापुढे पैशाची एखादी अडचण येते, जी तो कुणालाच सांगू शकत नाही. आपल्या हातातल्या कामातूनच ती गुपचूप सोडवता येईल, हे त्याच्या लक्षात येतं. आणि हे करताना आपण चोर ठरत नाही, असं समजावणारं एखादं वाक्य त्याला सापडतं. बहुतेकांचं वाक्य एकच होतं : "मी फक्त उसने घेतोय."

यातलं "कुणालाच सांगू शकत नाही" हे मला फार महत्त्वाचं वाटलं. अडचण किती मोठी आहे, यापेक्षा ती बोलता येते की नाही यावर पुढचं ठरतं. आपल्याकडच्या लहान गावात, जिथे प्रत्येकाचं घर प्रत्येकाला माहीत असतं, तिथे न सांगता येणाऱ्या गोष्टी किती असतील याचा विचार करा.

इथे लेखापरीक्षण, वकिली, पोलीस, सामाजिक काम अशा क्षेत्रांतले बरेच सदस्य आहेत. माणूस गुन्हा करायचं ठरवतो तेव्हा नेमकं काय ठरवतो, हे तुमच्या कामात तुम्हाला कसं दिसलं ते वाचायला आवडेल. फक्त पैशाचेच गुन्हे हवेत असं नाही.

---

किर्दखतावणी

चांगला विषय. मी सहकार खात्यात लेखापरीक्षक होतो, आता निवृत्त आहे. जे पाहिलं ते लिहितो, थोडं लांबेल.

पतसंस्थेतले अपहार बहुतेक ठरावीक वाटांनीच होतात. सगळ्यात जुनी वाट पिग्मीची. एजंट रोज दुकानादुकानांतून पैसे गोळा करतो. दुकानदाराच्या पासबुकात पाचशे लिहितो, संस्थेत तीनशे भरतो. दुकानदार एकदम पैसे काढायला येईपर्यंत कुणाला काही दिसत नाही. आला, तर दुसऱ्याचा भरणा त्याच्या नावावर वळवायचा. दुसरी वाट सोनेतारणाची, यात दागिन्यांची पारख करणारा सराफ सामील असावा लागतो. तिसरी, ठेवीदाराच्या पावतीवर त्याला न कळवता परस्पर कर्ज उचलायचं. हे बहुधा म्हाताऱ्या किंवा बाहेरगावी राहणाऱ्या ठेवीदारांच्या बाबतीत होतं, कारण ते मुदत संपेपर्यंत पावती बघत नाहीत. चौथी वाट सगळ्यात सोपी : हातशिल्लक. किर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, लाखो रुपये हातावर दिसतात, तिजोरीत निम्मेही नसतात.

आता धागाकर्तीच्या प्रश्नाकडे येतो. माझ्या पाहण्यातला एकही माणूस "आता मी संस्था लुटणार" असं ठरवून बसला नव्हता. पहिली उचल कायम लहान असते. मुलाच्या प्रवेशाची फी उद्या भरायची आहे आणि सोसायटीचं कर्ज मंजूर व्हायला आठवडा आहे. किंवा मेहुण्याच्या कर्जाला जामीन राहिलो, तो पळाला, आता वसुलीची नोटीस घरी येऊ नये म्हणून हप्ता भरायचा आहे. अलीकडे शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्सचा तोटा हे कारण फार दिसायला लागलं. घरी बायकोला सांगितलेलं नसतं आणि संचालक मंडळाकडे उसने मागायची लाज वाटते.

बाहेरच्या लोकांना न कळणारी एक गोष्ट मला मुद्दाम सांगायची आहे. ही पहिली उचल बऱ्याच जणांनी परत भरलेली असते. खरोखर भरलेली असते, किर्दीत मागे जाऊन पाहिलं की सापडते. लोक म्हणतात, मग तो प्रामाणिकच की! माझं मत उलटं आहे. ती रक्कम परत आली आणि कुणाच्याही लक्षात आलं नाही, तो दिवस सगळ्यात वाईट. त्या दिवशी माणूस दोन गोष्टी शिकतो : आपण परत भरणारे आहोत, म्हणजे चोर नाही, आणि इथे कुणी मोजत नाही. दुसऱ्या वेळी त्याला फारसं काही ठरवावं लागत नाही.

त्यानंतर एक टप्पा असा येतो, की आता परत भरणं शक्य नाही हे त्याला कळतं. पुढचं सगळं झाकाझाकीचं काम. असा माणूस सकाळी सगळ्यांच्या आधी येतो, रात्री शेवटचा जातो, दिवाळीतही रजा घेत नाही. संचालक वार्षिक सभेत त्याचा सत्कार करतात. रिझर्व्ह बँकेचा बँकांना नियम आहे की संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा, आधी न कळवता, सलग किमान दहा कामकाजाचे दिवस रजेवर पाठवायचं. त्यामागचं कारण हेच. झाकाझाक रोज करावी लागते आणि दुसरा माणूस खुर्चीत बसला की ती उघडी पडते. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत, निबंधकांच्या खाली येतात. तिथे हा शहाणपणा संचालक मंडळाने स्वतःहून दाखवावा लागतो आणि फार थोडी मंडळं तो दाखवतात.

---

शिवणयंत्र

मी ठेवीदार कुटुंबातली आहे. हे सगळं वाचून अस्वस्थ झाले, म्हणून लिहिते.

आमच्या गावची पतसंस्था बुडाली तेव्हा माझ्या आईचे, तिने ब्लाउज शिवून साठवलेले सगळे पैसे त्यात होते. जास्त व्याज मिळतं म्हणून ठेवले नव्हते. बँक लांब होती, पतसंस्था घराशेजारी होती आणि तिथला माणूस "काकू, या" म्हणून खुर्ची द्यायचा. बँक बुडाली तर विम्यातून पाच लाखांपर्यंत ठेव परत मिळते. पतसंस्थेच्या ठेवीला तो विमाच नाही, हे आम्हाला संस्था बुडाल्यावर कळलं. आधी कुणीच सांगितलं नाही.

त्यामुळे "बिचाऱ्याला कुणाला सांगता आलं नाही" हे वाचताना मला त्रास होतो. माझ्या आईलाही कुणाला सांगता आलं नाही. कितीतरी महिने तिने बाबांना सांगितलं नव्हतं की पैसे गेले. तिने कुणाच्या पैशाला हात लावला नाही. त्या माणसाकडे पगार होता, घर होतं, तो घर विकू शकला असता. ते त्याला नको होतं, कारण गावात नाव गेलं असतं. म्हणजे त्याने आपली अब्रू आणि आईचे पैसे समोरासमोर ठेवले आणि आईचे पैसे निवडले. मला यात निवड स्पष्ट दिसते.

गुन्हेगाराचं मन समजून घेऊ नका असं मी म्हणत नाही. पण समजून घेताना त्याच्यावरची जबाबदारी हळूहळू कमी होत जाते, ते होऊ देऊ नका.

---

नीराकाठ

@शिवणयंत्र, ताई, तुमचा प्रतिसाद या धाग्यात असणं फार गरजेचं होतं. आणि तुम्ही जे लिहिलंत ते क्रेसींच्या म्हणण्याच्या विरोधात नाही, उलट ते जास्त नेमकं आहे. "उसने घेतो" या वाक्यात ज्याच्याकडून उसने घेतले तो माणूस कुठेच नसतो. तो पैसा "संस्थेचा" असतो. तुमच्या आईंचा चेहरा त्या क्षणी त्याच्या डोळ्यांपुढे आला असता, तर ते वाक्य त्याला म्हणता आलं असतं का?

---

बारारूम

जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते. दोन्ही बाजूंनी उभी राहिले आहे.

आधी पैशाच्या गुन्ह्यांबद्दल. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४०९ खाली लोकसेवक, बँकर, एजंट यांनी केलेल्या विश्वासघाताला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम ३१६ मध्ये आलं, शिक्षा तशीच आहे. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या संरक्षणाचा १९९९ चा वेगळा कायदा आहे, त्यात मालमत्ता जप्त करता येते. कायदा कमी पडतो असं कुणी म्हणू शकणार नाही. तरी गुन्हे होतात.

इटलीतल्या बेकारियाने १७६४ साली लिहून ठेवलं, की गुन्ह्याला आळा घालते ती शिक्षेची क्रूरता नव्हे, तिची खात्री. पुढे १९६८ साली गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने गुन्हेगारही नफा-तोटा मोजतो असं गणितच मांडलं : मिळणारा फायदा किती, पकडलं जाण्याची शक्यता किती, शिक्षा किती. माझ्या अनुभवात हे गणित अर्धंच खरं आहे. अपहार करणारा आरोपी तारखा मोजतो. लेखापरीक्षण कधी, शिल्लक मोजायला कोण येणार, कोणत्या ठेवीची मुदत कधी संपते, हे त्याला तोंडपाठ असतं. पण कलम कोणतं लागेल, किती वर्षं होतील, हे अटक होईपर्यंत त्याला माहीत नसतं. शिक्षा वाढवा अशी मागणी झाली की मला हे आठवतं. दहाची वीस वर्षं केली तरी जो ती मोजतच नाही, त्याला काय फरक पडणार? दर महिन्याला न सांगता कुणीतरी तिजोरी मोजायला आलं, तर मात्र त्याला फरक पडेल.

आता दुसऱ्या टोकाचे गुन्हे. ग्रामीण भागात माझ्याकडे येणाऱ्या खुनाच्या खटल्यांत बांधाचे वाद कायम असतात. शेजाऱ्याने नांगरताना बांध कोरला, वितीभर जमीन आत घेतली, किंवा बांधावरचं झाड तोडलं, वाट अडवली. लोक म्हणतात "रागाच्या भरात झालं", म्हणजे ठरवलं काहीच नव्हतं. कायद्यातही त्याला जागा आहे. अचानक पेटलेल्या भांडणात, आधी न ठरवता, गैरफायदा न घेता मारलं असेल, तर तो खून न ठरता सदोष मनुष्यवध ठरू शकतो. आमचा सगळा युक्तिवाद या एका मुद्द्याभोवती फिरतो : हत्यार कुठून आलं? कुऱ्हाड शेतात हातातच होती, की भांडण झाल्यावर आरोपी घरी गेला आणि कोयता घेऊन परत आला? त्या घरापर्यंतच्या वाटेवर ठरवायला वेळ होता, असं सरकारी पक्ष म्हणतो.

मी त्याही मागे जाऊन पाहते. अशा खटल्यांच्या कागदपत्रांत जुन्या गोष्टी असतात. मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखचे निरीक्षक आले तेव्हा एका बाजूने सही करायला दिलेला नकार, दिवाणी दावा, तारखा, मध्ये एकदा तंटामुक्ती समितीपुढे झालेली बैठक. दहा-पंधरा वर्षं दोन चुलत घरं एकमेकांशी बोलत नाहीत, लग्नकार्याला जात नाहीत. खुनाचा क्षण अचानक आला असेल, पण शेजारी म्हणजे शत्रू हे कधीच ठरून गेलेलं असतं. आणि मोजणी वेळेत होऊन हद्दीचे दगड पक्के बसले असते, तर यातले कितीतरी लोक आज जिवंत असते. मला या गोष्टीची फार चीड येते. एका सरकारी खुंटीचा प्रश्न असतो हो.

अशा माणसांबद्दल आणखी एक सांगते. औंध संस्थानाने १९३० च्या दशकाच्या अखेरीस आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत सुरू केली. गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीशिवाय, शेती करत, पुढे कुटुंबासह राहू दिलं. एका भांडणात आयुष्य घालवलेला शेतकरी पुन्हा शेतात उभा राहू शकतो, हा विश्वास त्या काळात एका छोट्या संस्थानाने दाखवला, याचा मला अभिमान वाटतो.

---

डिलाईलरोड

पैसा आणि बांध झाले, आता आमच्याकडचं सांगतो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. घराघरांत आधी पगार थांबला, मग वाण्याची उधारी थांबली, मग भांडी गेली. त्याच वर्षांत लालबाग-परळ-भायखळ्याच्या टोळ्या वाढल्या. म्हणून लोक सरळ सूत्र मांडतात : गिरण्या बंद, पोरं गुंड.

सूत्र अर्धवट आहे. आमच्या चाळीत जवळपास प्रत्येक घरात संपाची झळ होती. टोळीत गेले ते किती? बोटावर मोजण्याइतके. बाकीच्यांच्या आया पोळ्या लाटायला लागल्या, खानावळी चालवायला लागल्या, वडील भाजीची पाटी घेऊन बसले, कुणी कोकणात गावी परत गेलं, मोठ्या भावांनी शाळा सोडून वखारीत काम धरलं. त्या लोकांनी जे सोसलं, त्याची कुणी बातमी केली नाही. "गरिबीने गुन्हेगार होतात" असं म्हटलं की या सगळ्यांचा अपमान होतो, असं मला मनापासून वाटतं.

मग जे गेले ते का गेले? मी त्यांना लहानपणापासून ओळखत होतो. कुणालाही "टोळीत येतोस का" असं विचारलं गेलं नाही. आधी नाक्यावर बसणं, मग कुणीतरी चहा पाजणं, मग "एवढं पाकीट तिकडे देऊन ये". पाकिटात काय आहे हे विचारायचं नाही. परत आल्यावर हातात नोट. पण नोटेपेक्षा मोठी गोष्ट वेगळी होती. ज्या पोराला घरात "काय करतोस रे दिवसभर" म्हणून ऐकून घ्यावं लागत होतं, त्याला नाक्यावर जागा मिळाली. त्याच्या घरच्या भांडणात मालक नमला, त्याच्या बहिणीची छेड काढणारा गप्प झाला. ज्या वयात बापाची पत संपली होती, त्या वयात पोराला पत मिळाली. आणि पुढे दगडी चाळीतला माणूस २००४ साली चिंचपोकळीतून आमदार म्हणून निवडून आला, तेव्हा त्या पोरांपेक्षा लहान असलेल्यांनी त्यातून काय घेतलं असेल?

ज्यांना गावी जायला घर होतं, किंवा ज्यांचा मामा पोस्टात चिकटवू शकला, किंवा ज्यांना व्यायामशाळेतल्या, मंडळातल्या कुणीतरी धरून ठेवलं, ते वाचले. माझ्या बाबतीत ते मंडळाच्या वाचनालयातले एक गृहस्थ होते. रोज संध्याकाळी नाक्यावर उभे राहू द्यायचे नाहीत, पुस्तकांची यादी करायला बसवायचे.

---

गवताळ

डिलाईलरोड, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

मी पारधी वस्त्यांवर मुलांच्या शाळेचं काम करतो. या धाग्याच्या प्रश्नातच एक गृहीत आहे : गुन्हा करायचा की नाही हे माणूस ठरवतो. काही माणसांच्या बाबतीत ते दुसऱ्यांनी ठरवून ठेवलेलं असतं.

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार. हजेरी द्यायची, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापूरची तारेच्या कुंपणातली सेटलमेंट त्यातलीच. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला, हा कायदा रद्द झाला, म्हणून तो विमुक्त दिन. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला आणि पोलिसांची नजर तिथेच राहिली. आजही तालुक्यात घरफोडी झाली की रात्री वस्तीवर गाडी येते. कारण शोधावं लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात तुरुंगांच्या नियमावल्यांमधला जातीवर आधारलेला भेदभाव घटनाबाह्य ठरवला. त्यात विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजण्यावरही न्यायालयाने कडक शब्दांत लिहिलं. निकाल आला त्या आठवड्यात वस्तीवर मी तो मराठीत वाचून दाखवला. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, हे ठाण्यात वाचून दाखव."

वस्तीवरचे सगळे निर्दोष आहेत असा दावा मी करणार नाही. काही पोरं चोरी करतात. पण जो मुलगा चोरी न करताही दोनदा उचलला गेला, मार खाल्ला, आईचे मणी विकून सुटला, त्याच्यापुढे प्रामाणिक राहण्याचा फायदा कोणता ठेवायचा? बारारूम ताईंनी जे गणित सांगितलं, ते त्याच्या बाजूने मांडून बघा. चोरी केली तरी पकडणार, नाही केली तरी पकडणार. अशा मुलांना शाळेत टिकवताना मला कुठलीच शिकवण सांगता येत नाही. फक्त त्याच्या खिशात बोनाफाइड दाखला आणि माझा फोन नंबर ठेवतो. निदान कुणीतरी विचारायला येईल, एवढं पोलिसांना कळतं.

---

तिसरंवर्षमेकॅनिकल

मी इथे फक्त वाचत असतो, पण हे लिहावंसं वाटलं.

आमच्या वसतिगृहात एका मुलाने आपलं बँक खातं भाड्याने दिलं. पासबुक, एटीएम कार्ड, सिम, सगळं. सांगणारा सीनियर होता. "तुझ्या खात्यात पैसे येतील, पुढे जातील, तुला टक्केवारी मिळेल, तुला काही करायचंच नाही." ते पैसे सायबर फसवणुकीचे होते. कुणातरी ज्येष्ठ माणसाला डिजिटल अरेस्टची भीती घालून काढलेले. त्यांच्या घरच्यांनी १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार केली, खातं गोठलं आणि पोलीस वसतिगृहात आले.

मी त्याला विचारलं, तुला कळलं नाही का? तो म्हणाला, "कळत होतं की काहीतरी गडबड आहे. पण मी कुणाचे चोरत नव्हतो ना, मी फक्त खातं दिलं." त्याचे वडील ऊसतोड मुकादमाकडे हिशेब लिहितात. घरी अजून माहीत नाही. तो वाईट मुलगा नाही हो. परीक्षेत कॉपीसुद्धा करायचा नाही.

---

नीराकाठ

@तिसरंवर्षमेकॅनिकल, धन्यवाद. आणि त्याला एकटं सोडू नका. घरी आणि वकिलाला आज ना उद्या सांगावंच लागेल, जितक्या लवकर तितकं बरं.

साइक्स आणि माट्झा या दोन अभ्यासकांनी १९५७ साली नेमकं हेच दाखवलं होतं. कायदा मोडणाऱ्या मुलांना चूक-बरोबर कळत नसतं असं नाही. कळत असतं, म्हणून तर त्यांना सबब लागते. माझी जबाबदारी नव्हती. कुणाचं नुकसान झालं नाही. त्याला तसंच पाहिजे होतं. तुम्ही कोण सांगणारे, तुम्हीच भ्रष्ट. मी मित्रासाठी केलं. या पाच प्रकारच्या सबबी गुन्ह्यानंतर सुचत नाहीत, त्या आधी तयार असतात आणि म्हणून हात पुढे जातो. तुमच्या मित्राला ती सबब सीनियरने आयती दिली : "तुला काही करायचंच नाही."

---

सरळरेषा

इतकं सगळं समजून घेताय, पण काही माणसं थंड डोक्याची आणि निर्दयच असतात, हे कुणी म्हणणार आहे की नाही? त्यांना लाज नाही, सबब लागत नाही. परिस्थिती बदलून ती बदलणार नाहीत. संधी बंद केलीत तर दुसरीकडे जातील.

---

इसारकाठ

@सरळरेषा, अशी माणसं असतात, मान्य. पण एकूण गुन्ह्यांत त्यांचा वाटा आपल्याला वाटतो तेवढा नाही. "दुसरीकडे जातील" यावर इथलं, म्हणजे जर्मनीतलं, एक उदाहरण देते.

१९८० साली पश्चिम जर्मनीत हेल्मेट न घालणाऱ्या मोटारसायकलस्वाराला जागच्या जागी दंड सुरू झाला. उद्देश अपघात कमी करणं हा होता, चोरीचा कुणी विचारही केला नव्हता. पण पुढच्या काही वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या निम्म्याहून खाली आल्या. कारण साधं होतं : दिसली गाडी, पळवली, असं करणाऱ्याकडे हेल्मेट नसायचं आणि तो पहिल्याच चौकात पकडला जायचा. मोटारी आणि सायकलींच्या चोऱ्या काही त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. म्हणजे त्या हजारो चोरांपैकी बहुतेक जण दुसरीकडे गेलेच नाहीत. ते घरी गेले. एवढ्याशा अडथळ्याने ज्यांचा बेत मोडतो, त्यांना जन्मजात गुन्हेगार कसं म्हणायचं?

वयाचंही तसंच आहे. चोरी-मारामारीचे गुन्हे पंधरा ते पंचवीसच्या आसपास सर्वाधिक असतात आणि मग उतरत जातात. नोकरी लागते, लग्न होतं, आपल्यावर कुणीतरी अवलंबून असतं. बहुतेक मुलं त्यातून बाहेर पडतात. तोवर त्यांच्यावर कायमचा शिक्का मारायचा नाही, एवढं आपल्या हातात असतं. गवताळ यांनी लिहिलंय तिथे तर शिक्का जन्माआधीच मारलेला आहे.

---

शिवणयंत्र

@किर्दखतावणी काका, मला तुम्हाला एक विचारायचं आहे. आई आता दुसऱ्या एका पतसंस्थेत थोडे पैसे ठेवते आहे. मी नको म्हणते, पण तिला बँकेच्या मशीनसमोर उभं राहायला भीती वाटते आणि तिथे तिला कुणी खुर्ची देत नाही. पुढच्या महिन्यात त्या संस्थेची वार्षिक सभा आहे आणि मी तिच्याबरोबर जाणार आहे. आमच्यासारख्या सामान्य सभासदाने तिथे काय विचारायचं? लोक वडापाव खाऊन अहवाल न उघडता घरी जातात.

---

किर्दखतावणी

@शिवणयंत्र, जरूर जा आणि बोला. आई सभासद असतील तर अहवाल मिळण्याचा त्यांना हक्क आहे. त्या नुसत्या ठेवीदार असतील तर एखाद्या सभासदाच्या मार्फत प्रश्न मांडा.

सभेच्या आधी अहवाल मागून घ्या आणि ताळेबंदातली हातशिल्लक बघा. छोट्या संस्थेत ३१ मार्चला हातावर फार मोठी रक्कम दिसत असेल, तर उभं राहून विचारा : ही रक्कम बँकेत का भरली नव्हती, आणि वर्षभरात संचालकांनी शिल्लक किती वेळा, न कळवता, मोजली? मोजणीची नोंद इतिवृत्तात असते, ती वाचून दाखवा म्हणा. मग येणी व्याज बघा. कर्जावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरून नफा दाखवला असेल तर तो नफा कागदावरचा आहे. लेखापरीक्षकाने संस्थेला दिलेला वर्ग आणि दोषदुरुस्ती अहवाल विचारा. तोच दोष सलग वर्षं येत असेल, तर तो कुणीच दुरुस्त करत नाही. गंभीर अपहार आढळला तर लेखापरीक्षकाने निबंधकांना विशेष अहवाल द्यायचा आणि गुन्हा नोंदवायचा, ही जबाबदारी सहकार कायद्याच्या कलम ८१ ने त्याच्यावर टाकली आहे. तेव्हा "वरून दबाव आहे" हे उत्तर ऐकून घेऊ नका.

शेवटी, व्यवस्थापक आणि रोखपाल गेल्या वर्षी सलग किती दिवस रजेवर होते, हेही सगळ्यांसमोर विचारा. राग येईल त्यांना. प्रामाणिक माणसाला पुढे त्याचाच आधार होतो, हे मी पाहिलं आहे. मोजणी नियमित असते तिथल्या रोखपालाला मोहाशी एकट्याने झगडावं लागत नाही. आणि संस्थेत कर्मचाऱ्याला अडचणीत आगाऊ उचल द्यायची सोय आहे का, तेही विचारा. नसेल तर ठराव मांडा.

आईंच्या ठेवपावतीवर कुणी कर्ज उचललेलं नाही, याचं लेखी पत्र संस्थेकडून दर सहा महिन्यांनी घ्या, शिक्क्यासह. आणि पिग्मी असेल तर पासबुक एजंटकडे ठेवायला देऊ नका. महिन्यातून एकदा काउंटरवर जाऊन खतावणीतली शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक जुळते का ते स्वतः बघा, आईंना शेजारी बसवून.